डाव्या पेडलचं ग्रीस

बावीस दिवस धाकटीच्या सायकलचं डावं पेडल कुरकुरत होतं. ताईला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की चढावर मागे न बघताच ती म्हणायची, "दमलीस वाटतं, पेडल हळू रडतंय." तेविसाव्या दिवशी सकाळी तंबूची घडी घालून दोघी बहिणी निघाल्या, तर पेडल मूग गिळून गप्प.

घर अडतीस किलोमीटर राहिलं होतं.

ताई पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. कारण सापडेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर येत नसे. पहिल्या थांब्यावर धाकटी नळावर बाटल्या भरायला गेली, तेव्हा ताईने वाकून पाहिलं. डाव्या पेडलच्या आट्यांतून ताजं ग्रीस बाहेर आलं होतं. उजव्याच्याही. उजवं तर कधी कुरकुरलंच नव्हतं.

काल संध्याकाळी धाकटी 'ब्रेक दाखवून येते' म्हणून एकटीच सायकलवाल्याकडे गेली होती. प्रवास संपत आला असताना दोन्ही पेडलं उघडून ग्रीस कोण लावतं? ज्याला ती लगेच पुन्हा काढायची असतात. आणि धडधाकट पेडलं काढतात ती सायकल खोक्यात भरून लांब न्यायची असेल तेव्हा.

"कुठे चाललीस?" ताईने विचारलं.

"कुठे म्हणजे? घरी. ऊन लागलं का तुला?"

"घरून पुढे."

धाकटीने बाटलीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या पेडलने."

बाबांचं उजवं अंग लुळं पडून तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं ताईने केलं. पुढची तीन धाकटीची, असं दोघींचं ठरलं होतं. दूरच्या विद्यापीठातली संशोधनाची जागा ताईने दोनदा पुढे ढकलली होती. तिसऱ्यांदा कोणी थांबणार नव्हतं. या सफरीची टूमही धाकटीचीच. बाबांना महिनाभर शुश्रूषागृहात ठेवू, तू एकदा मोकळा श्वास घे, मग मी आहेच.

"सोमवारी नव्या नोकरीवर रुजू व्हायचंय," धाकटी म्हणाली. "पत्र दोन महिन्यांपूर्वीच आलं."

"म्हणजे निघायच्या आधी."

"आधी सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस. म्हटलं, निदान एवढे दिवस तरी तुला मिळावेत."

"बरोबर. कापायच्या आधी बकऱ्यालाही हिरवा पाला घालतात."

"असं तोडून बोलू नकोस ना, ताई. दिवसरात्रीची बाई ठेवू."

"दोन ठेवून झाल्या. परक्या हातचा घास ते थुंकून टाकतात."

"मग माझ्या हातचा तरी कुठे खाणार? सारखी तुझ्याच नावाची हाक!"

"तू कधी भरवून पाहिलंस?"

धाकटीने सायकलवर टांग मारली. पुढचे तीस किलोमीटर ती ताईच्या पुढेच राहिली. ते पेडल एकदा तरी कुरकुरावं, असं ताईला फार वाटत राहिलं.

जिन्याखाली सायकलचं रिकामं खोकं आधीच येऊन उभं होतं. शुश्रूषागृहाच्या माणसांनी बाबांना नुकतंच घरी आणून सोडलं होतं. चाकांच्या खुर्चीतून त्यांनी डावा हात उचलला आणि ताईला हाक मारली. एकटीलाच.

ताई हात धुऊन आत गेली. तिने वाटीत भात कालवला, बाबांच्या गळ्याभोवती रुमाल बांधला. उघड्या दारातून बाहेरचं दिसत होतं. धाकटीने पाना लावला. उजवं पेडल दोन झटक्यांत सुटलं. डावं हलेना. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, पण हे धाकटीच्या डोक्यात लहानपणापासून कधी राहिलंच नाही. सोडवायला जायची आणि आवळून बसायची. मग ताई तिचं मनगट धरून हात दुसऱ्या बाजूला वळवायची.

"ताई, निघत नाहीये. कुठल्या बाजूला फिरवायचं गं हे?"

ताईने घास उचलला. उद्या कोपऱ्यावरचा सायकलवाला ते अर्ध्या मिनिटात काढून देईल, हे तिला पक्कं माहीत होतं.

"मला वेळ नाहीये," ती म्हणाली. "बाबा जेवताहेत."

बाहेर धाकटी पान्यावर पाय देऊन उभी राहिली, आणि अंगातलं होतं नव्हतं तेवढं वजन टाकून तिने ते आणखी घट्ट केलं.