मुक्या मोटरी

आमची तान्ही स्नेहा पहिले काही महिने चमचा पडला तरी दचकून उठायची. घरात दोनच खोल्या, म्हणून सगळं घर दबकत चालायला लागलं. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई वच्छलाबाईंनी, कुकर माळ्यावर टाकला. डाळ उघड्या पातेल्यात शिजायची. माझ्या नवऱ्यानं, उत्कर्षनं, दाराच्या कडीला फडकं गुंडाळलं. त्याच दिवसांत आम्ही मशीनच्या मोटरी निवडल्या.

उत्कर्ष चाकणच्या कंपनीत होता. बाळंतपणासाठी बिनपगारी रजा घेऊन आसेगावला आला आणि पाळण्यापासून त्याचा पाय हलेना. मग त्यानं ठरवलं, सीएनसी मशीन घरीच बनवायचं. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, मशीन ती लाकडात कोरून देतं. नावाच्या पाट्या, दारं, विहारांची कामं, काही ना काही मिळत राहिलं असतं. कंपनीनं त्याची जागा दसऱ्यापर्यंत राखली होती. तोवर मशीन कमावतं झालं तर तो इथंच राहणार, नाहीतर परत चाकण. घरात हे कोणी बोलत नव्हतं, पण प्रत्येकाला ठाऊक होतं.

आम्ही दोघंही डिप्लोमावाले, वाशिमला एकाच वर्गात होतो. त्यामुळे आईंसमोर मी त्याला अहो म्हणते आणि त्या पाठमोऱ्या झाल्या की अरे.

मोटरींचे दोन पर्याय होते. एक मोठ्या, जाड स्क्रूवर चालणाऱ्या, ताकदीच्या, पण चालताना किंचाळणाऱ्या. दुसऱ्या लहान, रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्या. त्यांना जोडायचे ड्राइव्ह वीज इतक्या हळुवार सोडत की मोटर फिरते आहे हे हात लावूनच कळावं. मोबाईलचा आवाज अगदी बारीक करून, पाळण्याच्या दोन बाजूंना बसून, आम्ही दोन्हींचे व्हिडिओ पाहिले. मोठीचा आवाज बारीक करूनही कानाला लागत होता. लहान मुकी होती.

या मोटरी पावलं मोजत चालतात. पण पाऊल खरंच पडलं की नाही, हे त्या वळून पाहत नाहीत. लाकूड टणक लागलं, जोर कमी पडला, की पाऊल चुकतं, आणि मशीन काही झालंच नाही असं समजून पुढं जातं. मी त्याला म्हटलं, सागवानाले जोर लागीन.

तो पाळण्याची दोरी धरून बसला होता. म्हणाला, "लाकूड हळूहळू कापता येते वं. झोप हळूहळू नाई होत."

कोणी आपल्या लेकरासाठी असं काही बोललं की गणित मांडावंसं वाटत नाही. मुक्या मोटरी मागवल्या.

मंगरूळच्या वेल्डरनं सांगाडा करून दिला, त्या लहान मोटरींच्या मापाचा, हलका. बाहेरच्या खोलीत जोडणी झाली. रिकामं मशीन डावी-उजवीकडं सरकायचं, मांजर चालल्यासारखं. आई पदर तोंडाला लावून बघत राहायच्या.

मग लाकूड कापायचा दिवस आला. उत्कर्षनं राउटरचं बटण दाबलं. राउटर म्हणजे कापणारं पातं फिरवणारं यंत्र, आणि ते असं काही कोकललं की पत्र्यावरची कबुतरं उडाली. आम्ही दोघं एकदम आत धावलो. त्या व्हिडिओंमधल्या मोटरी नुसत्याच फिरत होत्या, लाकूड कोणी कापतच नव्हतं. आणि ते आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

स्नेहा गाढ झोपली होती. तोंड उघडं, एक मूठ कानाशी. तो आवाज घरभर घुमत होता आणि तिची पापणीसुद्धा हलत नव्हती.

मागून आई आल्या. "बापावर गेली पोट्टी," त्या म्हणाल्या. "हाही पिठाच्या गिरणीत झोपे, पोत्यावर. महिना-दोन महिने दचकते लेकरू, मंग होते सवय."

"मंग सांगितलं काहून नाई?" उत्कर्षनं विचारलं.

"मले इचारलं कोनं? तुमी दोघं शिकेल. मी तं कुकरही माळ्यावर टाकला."

त्या दिवशी आम्ही खूप हसलो. आईंनी कुकर उतरवला, शिट्ट्या घेतल्या. प्लायवूडवर स्नेहाचं नाव सुरेख उमटलं.

विहार समितीचे नरेंद्रदादा ते पाहून गेले आणि दुसऱ्या दिवशी सागवानाची जुनी फळी घेऊन आले. नव्या विहाराच्या दारावर धम्मचक्र हवं होतं, विजयादशमीच्या आधी. हे जमलं तर आजूबाजूच्या गावांतली कामंही तुलेच, म्हणाले. उत्कर्षनं फळीवरून हात फिरवला आणि माझ्याकडं पाहिलं.

बाहेरचं वर्तुळ वरून सुरू झालं. पातं सागवानात शिरलं, पट्ट्या ताणल्या गेल्या. मोटरी काहीच बोलल्या नाहीत. मोठ्या मोटरी अडल्या असत्या तरी कण्हल्या असत्या, निदान कळलं असतं. फेरा पूर्ण करून पातं परत वर आलं तेव्हा रेघेचं टोक सुरुवातीला भेटलंच नाही. दोन्हींमध्ये बोटभर फट राहिली.

फळी उलटवून मागच्या बाजूनं पुन्हा केलं, आणखी हळू. तेव्हा पातं एकाच जागी घासत राहिलं आणि लाकूड काळं पडलं. फटही राहिलीच. मोठ्या मोटरी घ्यायच्या तर ड्राइव्ह नवे, पट्ट्यांच्या जागी स्क्रू, आणि ते वजन पेलायला सांगाडाही नवा. म्हणजे मशीनच नवं. दसरा तोंडावर आला होता.

नरेंद्रदादा रागावले नाहीत. रिसोडच्या सुताराकडून करून घेतो म्हणाले, आणि जाताना स्नेहाच्या डोक्यावरून हात फिरवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

उत्कर्ष परत चाकणला गेला त्या सकाळी मी बॅग भरून दिली. त्याला म्हणणार होते, मोटरी निवडताना मी भांडायला पाहिजे होतं. पण त्यानं तेवढ्यात कडीवरचं फडकं सोडलं, घडी केली आणि माझ्या हातात दिलं.

आता ते मशीन चादरीखाली आहे. मधूनच कोणी प्लायची पाटी सांगतं, तेव्हा मीच चालवते. स्नेहा शेजारी झोपते.

तो जेवणाच्या सुट्टीत फोन करतो. मागं कंपनीतली मशीनं धडधडत असतात. त्यातही तो कुजबुजतच विचारतो, "झोपली का?"

मी म्हणते, "मोठ्यानं बोल नं. नाई उठत ते."

"सवय लागली," तो म्हणतो, तसंच हळू. पुढचं अर्धं मला ऐकूच येत नाही. मी आपली हूं हूं करत राहते.