सगळ्यांत लांबचा आवाज

"आधी खिडकी उघडा. मग बसा. आणि मग सगळ्यांत लांबचा आवाज शोधा."

बाईंचं हे बोलणं मला रोज पहाटे ऐकू येतं. पहाटे माझं मौन असतं. उठल्यापासून शिवणयंत्रावर ऊन येईपर्यंत मी बोलत नाही. दिवा लावायचा, खिडकीतल्या पसरट भांड्यात पाखरांसाठी पाणी घालायचं आणि नुसतं बसून राहायचं. नेम लहानसाच आहे, पण देवाच्या कृपेने कधी मोडला नाही. हा नेम कुठल्या गुरूंनी दिला, असं लोक विचारतात. मी हसते. माझ्या गुरू दुसरीच्या वर्गाला शिकवायच्या, आणि त्यांनी कधी देवाचं नाव घेतलेलं मला आठवत नाही.

आमच्या वर्गाला एकच मोठी खिडकी होती. सकाळी बाई ती उघडायच्या आणि सगळे गप्प बसायचे. "बोललात की आवाज पळतो," त्या म्हणायच्या. मग तळहात पुढे धरून बाकांमधून हळूहळू फिरायच्या. ज्याला जे ऐकू येईल ते त्याने बोटाने त्यांच्या तळहातावर लिहायचं. कुणी 'कावळा' लिहायचं, कुणी 'करवत'. एक जाडा मुलगा रोज 'भूक' लिहायचा. बाई गंभीरपणे मान हलवून पुढे जायच्या.

मी मागच्या बाकावर बसायचे. आमच्या घरात जवळचे आवाज फार. वडिलांचा चढलेला, आईचा दबलेला, फेकलेल्या भांड्यांचा. त्यामुळे मी आवाज म्हटला की अंग चोरायचे. या सगळ्याच्या पलीकडेही काही वाजत असतं, हे मला बाईंच्या वर्गात कळलं. नदीवरच्या पुलाची एक लोखंडी पट्टी सैल होती. गाडी गेली की ती एकदाच वाजायची, आणि ते वाजणं पाण्यावरून तरंगत यायचं. ते येईपर्यंत मी लिहायचे नाही. बाई हात पुढे धरून उभ्या राहायच्या, सगळा वर्ग ताटकळायचा. मी 'पूल' लिहिलं की त्या मूठ मिटायच्या, आत काहीतरी आहे आणि ते सांडू नये अशी. पुढे घरी भांडण पेटलं की मी डोळे मिटून पूल शोधायचे. कधी सापडायचा, कधी नाही. पण शोधता शोधता भीती मागे पडायची. देवापुढे बसायला मी तिथेच शिकले.

मग बाईंची बदली झाली. मी मोठी झाले, शिवण शिकले, पडद्यांचं दुकान थाटलं. दिव्यापुढे ज्यांची आठवण काढते त्यांत त्या पहिल्या. देवाला सगळं सांगून झालं होतं, त्यांना सांगायचं तेवढं राहिलं होतं.

परवा दुकानात एक घाईतली वहिनी आली. औषधांच्या दुकानात नोकरीला होती, जेवणाच्या सुट्टीत धावत आलेली.

"ताई, तुमच्याकडचं सगळ्यांत जाड कापड दाखवा."

"पडद्यालाच ना?"

"पडद्यालाच. खिडकीला रजई शिवायची आहे असं समजा." तिने पिशवी टेबलावर टाकली. "सासूबाईंसाठी हवंय. या वर्षीच आम्ही या गावात, नदीजवळ राहायला आलो. कान गेलेत त्यांचे, आणि रोज सकाळी मलाच विचारतात, लांबचा कुठला आवाज येतोय म्हणून. कान गेले की असे भास होतात म्हणे. खिडकीशी बसून ते वाढतं, असं आमच्या ह्यांचं मत. पडद्याने भागलं तर ठीक, नाहीतर त्यांना मागच्या खोलीत हलवायचं ठरलंय. तिथे खिडकीच नाही."

कापडाचा तागा उलगडता उलगडता माझा हात थांबला. पण नुसत्या तेवढ्यावरून काय बोलणार? उद्या माप घ्यायला येते, एवढंच म्हटलं.

त्या घरी गेले तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. खोली नीटनेटकी, काचेची खिडकी घट्ट लावलेली, आणि खुर्चीत बाई. किती लहान झाल्या होत्या. केस पांढरे, पाठ मात्र तशीच ताठ. सून जवळ जाताच त्यांनी तळहात पुढे केला.

"लांबचा कोणता?"

वहिनीने डबा उघडला आणि त्या तळहातावर बिस्कीट ठेवलं. बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी ते खिडकीच्या कठड्यावर, कालच्या बिस्किटाशेजारी ठेवून दिलं.

"बघितलंत? रोजचं आहे हे," वहिनी म्हणाली. "हात पुढे करतात, मी देते, मग रागावतात. गोड आणलं, खारं आणलं. आता काय, भट्टी लावू? मुंग्यांची तेवढी चंगळ झालीय."

मी मापाची पट्टी खाली ठेवली. खिडकी उघडली. वहिनी काही बोलणार तोच मी ओठांवर बोट ठेवलं. परक्याच्या घरात कुणाला असं गप्प करण्याची माझी ही पहिलीच वेळ. मग बाईंच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले आणि डोळे मिटले.

आधी वहिनीच्या बांगड्या ऐकू आल्या. मग जिन्यात कुणाच्या तरी चपला. रस्त्यावर हातगाडीचं चाक कुरकुरत गेलं. त्यामागे कुठेतरी पत्र्यावर हातोडा पडत होता, त्याच्याही मागे एक कुत्रं. एकेक आवाज पडद्यासारखा बाजूला सरकत होता. शेवटी जे उरलं ते इतकं धूसर होतं की मी वर्गात आहे की इथे, मला कळेना. खडूचा वास आल्यासारखा वाटला. आणि पाण्यावरून ते आलं, एकदाच.

मी बाईंचा हात धरला आणि बोटाने लिहिलं, 'पूल'.

त्यांनी मूठ मिटली.

ती त्यांनी मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "अजून सैलच आहे का ती पट्टी?"

मी मान हलवली.

"मागच्या बाकावरची ना तू? कायम वर्गाला खोळंबून ठेवायचीस."

माझे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांचं साठलेलं सगळं बोटाशी आलं. मी त्यांची मूठ उघडली आणि लिहिलं, 'तुमच्यामुळे मी तरले.' त्यांनी प्रत्येक अक्षर सावकाश ओळखलं.

"हा आवाज फार जवळचा झाला," त्या म्हणाल्या. "लांबचं काहीतरी सांग."

पण मूठ त्यांनी मिटली.

वहिनी दारात उभी होती. "म्हणजे यांना आवाजाचे भास होत नव्हते?"

"ऐकू येईनासं झालं, म्हणून तुमच्याकडे मागत होत्या. आमच्या वर्गात त्या असाच हात पुढे करायच्या आणि आम्ही त्यावर लिहायचो."

"आणि मी बिस्किटं देत बसले." ती पलंगाच्या कडेवर बसली. हसू आणि रडू दोन्ही तिच्या तोंडावर आलं होतं. "पण ताई, मला सकाळी पळायचं असतं. आणि माझ्या कानात गिऱ्हाइकांच्या खोकल्याशिवाय काही शिरत नाही. रोज कोणी सांगितलं नाही तर या पुन्हा तशाच कष्टी होणार. मग हे त्यांना मागे हलवणारच. खोली रंगवूनसुद्धा झालीय."

"तुमच्या ह्यांना सांगा, सकाळी मी येत जाईन."

बाईंना यातलं काही ऐकू आलं नव्हतं, तरी त्यांनी विचारलं, "उद्या?"

'येईन. रोज,' मी लिहिलं.

"रस्ता जागा व्हायच्या आत ये. ऊन चढलं की लांबचं काही उरत नाही."

ती माझ्या मौनाची वेळ. क्षणभर मनात चलबिचल झाली. मग वाटलं, बोलायचं कुठे आहे? नेम बसूनच पाळायचा असतो, असं मला कुणीच सांगितलेलं नाही.

दुकानात परतल्यावर जाड कापडाचा तागा मी पुन्हा फळीवर ठेवला. संध्याकाळी पातळ मलमलीचा पडदा शिवला. ऐकू नाही आला तरी बाईंना वारा दिसेल.

आज नेहमीपेक्षा लवकर उठले. दिवा लावला. पाखरांच्या भांड्यात पाणी घातलं. पडद्याची घडी पिशवीत ठेवली आणि आवाज न करता कडी लावली. जिन्याशी दूधवाला भेटला.

"आज इतक्या लवकर, ताई? कुठे निघालात?" म्हणाला, आणि लगेच त्याला आठवलं. "हां, मौन. असू द्या, संध्याकाळी सांगा."

मी हसून मान हलवली. रस्ता अजून निळसर होता, दुकानं मिटलेली होती. मी कान नदीकडे लावून चालू लागले.