नेकुलाय कुठल्या यादीत?

जिवंत: सावेता, आनिका, पोरफिरे, नेकुलाय.

नाही. खोड.

मृत: ग्रिगोरे, पेलाघिया, नेकुलाय.

हेही खोड.

झम्फिराने तिसरी चिठ्ठी घेतली. भट्टीत वेदीचे पाच पाव फुगत होते. वीस वर्षं गावच्या चर्चसाठी पाव तीच भाजत आली होती. पिठाला किती पाणी लागतं, वर क्रूसाचा शिक्का किती दाबायचा, हे तिच्या बोटांना पाठ होतं. पण चिठ्ठी?

आज मृतांचा शनिवार. घराघरातून दोन याद्या जाणार, वरची जिवंतांची, खालची मृतांची; वेदीपुढे फादर गेर्वासी त्या मोठ्याने वाचणार. जिवंत माणूस मेलेल्यांत लिहिला तर तो खंगतो, असं गावात म्हणतात. मेलेला जिवंतांत लिहिला तर त्याच्या वाट्याचा उजेड त्याला मिळत नाही.

आणि तिचा मुलगा नेकुलाय स्पेनला भाजीच्या मळ्यात कामाला गेला, तो गेलाच. चार वर्षांत फोन नाही.

उठली. बसली. भट्टीचं झाकण उगाच उघडलं.

"उघडू नकोस गं, बसतील पाव!" दारात नणंद. सावेता. हातात मेलेल्यांच्या नावानं शिजवतात त्या गव्हाचं ताट, वर साखरेचा क्रूस. "वहिनी, आज तरी त्याला खालच्या यादीत घाल. हे त्याच्याच नावाचं केलंय."

"जित्या पोराच्या नावानं गहू शिजवलेस?"

"चार वर्षं त्याचा आवाज नाही, वहिनी."

"तुझ्या नवऱ्याचा तरी कुठे असतो? आणि तो तर शेजारच्या खोलीत असतो."

सावेता फस्सकन हसली. मग तिचे डोळे भरले. "काल परत स्वप्नात आला. ओलाचिंब. आत्या, इथे अंधार आहे म्हणाला."

"आईला सोडून आत्याच्या स्वप्नात येतो होय?"

"आईला झोप लागेल तर येईल ना!"

झम्फिराने पाव फडक्यात बांधले, नेकुलाय खोडलेल्या दोन्ही याद्या आणि कोरी चिठ्ठी मुठीत धरली आणि निघाली. चालत, मग जवळजवळ पळत.

वेदीच्या बाजूच्या दाराशी ती थांबली. यापुढे बायकांनी जायचं नसतं.

"फादर, कुठे लिहू?"

"काय कुठे?" गेर्वासी बाहीच्या नाड्या बांधत होते. ऐंशीला आलेले, हात थरथरणारे.

"नेकुलायला. चुकीच्या यादीत गेला तर देव त्याला भलतीकडेच शोधत बसेल."

"देव काय पोस्टमन आहे? पत्ता चुकला की पाकीट परत?"

"हसू नका." ती उंबरठ्याशी पुढे, मागे, परत पुढे. आणि मग जे पापांच्या कबुलीच्या वेळीही कधी बोलली नव्हती, ते तोंडातून निसटलं. "जाताना भांडलो आम्ही. तू मला मेलास, असं मीच म्हणाले त्याला. देवानं ते ऐकलं असेल, फादर. धरून ठेवलं असेल."

फादर हसायचे थांबले. त्यांनी दार पुरतं उघडलं.

"आत येऊ नकोस. तिथूनच बघ."

तिच्याच पावाचा तुकडा त्यांनी सुरीने टोचला. चांदीच्या ताटलीत चुरा पडला. "एका नावाला एक कण. वरची ओळ जिवंतांची, खालची मृतांची. आणि हा माझा हात बघ." कण उडत होते, इकडचे तिकडे. "कोण कुठे गेला, मलाच कळत नाही. आधी भीती वाटायची. बिशपना विचारलं, तर म्हणाले, चष्मा बदल."

"मग?"

"मग शेवटी सगळे कण पुसून प्याल्यात घालतो. प्रभूच्या रक्तात. जिवंत, मेलेले, सगळे. प्याला एकच आहे, झम्फिरा. मधे भिंत नाही."

"वीस वर्षं पाव करतेय. हे कुणी सांगितलं नाही मला."

"तू एवढंच विचारायचीस, पाव नीट भाजलाय ना."

"पण मग तो आहे की नाही?"

"ते मला माहीत नाही."

"फादर!"

"खरंच माहीत नाही. तू त्याला टाकलंस, असं तुला वाटतं. असेलही. देवाने टाकलेला नाही. तू म्हटलंस म्हणून तर नाहीच नाही."

तिने चिठ्ठी दाराच्या चौकटीवर ठेवली आणि लिहिलं. नेकुलाय. वर काही नाही, खाली काही नाही. याद्यांसोबत ती चिठ्ठी तिने फादरांच्या हाती दिली.

गर्दीत सावेता कानाशी आली. "कुठली यादी दिलीस?"

"गप्प बस."

जिवंतांची नावं सुरू झाली. आनिका. पोरफिरे. सावेता. नावं संपत आली, त्याचं नाव आलं नाही. पदर नव्हता पिळायला, झम्फिराने डोक्याच्या रुमालाचं टोक पिळलं. आता मृत वाचतील. आता...

फादर खोकले. दोन्ही चिठ्ठ्यांचे गठ्ठे त्यांनी खाली ठेवले. रिकाम्या हातांनी म्हणाले, "आणि नेकुलाय."

मग मृत सुरू झाले. ग्रिगोरे. पेलाघिया.

"हे काय?" सावेता कुजबुजली. "वरचा का खालचा?"

झम्फिराने ऐकलंच नाही. तिचे ओठ हलत होते. "देवा, तो असेल तिथे," ती वेदीकडे बघत पुटपुटत होती, "त्याच्यापाशी बस. मी म्हणाले ते खोटं होतं, सांग त्याला." जरा थांबली. एवढं पुरेसं वाटेना. "आणि उन्हात टोपी घालायला सांग. माझं ऐकत नाही."