भिंगारचा होल्डॉल बर्फात

मित्रांनो, तुम्ही आज चाकांची बॅग एका हाताने ओढत गावाला निघता. मी त्या चाकांच्या आधीचा. मी एक जुना होल्डॉल आहे. गादी, उशी, चादर आणि घरच्यांना ऐनवेळी आठवेल ते सगळे पोटात घालायचे, मला गुंडाळायचे, चामडी पट्टे आवळायचे आणि हमालाच्या डोक्यावर द्यायचे, असे आम्हा होल्डॉलांचे आयुष्य असे.

माझा जन्म भिंगारचा. लष्करी तंबूंचे जाड हिरवे कापड तिथल्या बाजारात मिळायचे. मच्छिंद्र शिंप्याने त्या कापडातून मला शिवले, पितळी बकले लावली आणि म्हणाला, "मास्तर, तुमी फाटाल पन ह्यो फाटायचा न्हाई."

हे मास्तर म्हणजे शमुवेल लोखंडे. शाळेत भूगोल शिकवायचे. टुंड्रा प्रदेश हा त्यांचा आवडता धडा. तो शिकवताना ते भर उन्हाळ्यात अशी काही हुडहुडी भरल्यासारखे करायचे, की पहिल्या बाकावरची मुले सदऱ्याचे वरचे बटण लावायची. प्रत्यक्षात मास्तरांनी बर्फ पाहिला होता तो फक्त सरबताच्या गाडीवर. त्यांच्या पत्नी लिडियाबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. माहेर राहात्याकडचे, शेतकरी घरचे. बोलणे कमी. रस्त्याने मास्तर पुढे चालायचे आणि बाई चार पावले मागे. मी दोघांच्याही मागे, हमालाच्या डोक्यावर.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. दौंड, मनमाड, शाळेच्या सहली, नातलगांची लग्ने. फलाटावर मला उलगडले की आजूबाजूचे लोक कौतुकाने कापड चाचपून बघायचे.

बहात्तर साली मोठा दुष्काळ पडला. त्याच साली लिडियाबाईंना इंग्रिडबाईंचे बोलावणे आले. या इंग्रिडबाई नॉर्वे देशाच्या. दवाखान्यात कितीतरी वर्षे त्यांनी लिडियाबाईंबरोबर काम केले होते आणि मराठी शिकल्या होत्या ती खेड्यांतून येणाऱ्या रोग्यांकडून. आता त्या परत आपल्या देशात, अगदी उत्तरेला राहत होत्या. हिवाळ्यात दोघांनी यावे, कुत्र्यांच्या गाडीतून बर्फात हिंडावे, डोंगरातल्या लाकडी खोलीत मुक्काम करावा, असा त्यांचा आग्रह होता. तिकिटेही त्यांनीच पाठवली.

लिडियाबाईंना जिवावर आले. "लोक घागरभर पाण्याला रांगेत उभे आणि आपण मजा करायला जायचं?"

मास्तरांनी मात्र तोवर सगळ्या भिंगारला सांगून टाकले होते की, ते आर्क्टिकला जाऊन स्वतः कुत्र्यांची गाडी हाकणार आहेत. आता माघार घेणे अवघड होते. शेजारच्या रंगुबाई म्हणाल्या, "जावा बाय. येताना रिकाम्या घागरीत तेवढा बरफ घिऊन या."

मला भरताना दोघांचे भांडण झाले. भांडणाचे कारण सुके बोंबील.

"अगं, विमानात वास सुटेल. लोक काय म्हणतील?" मास्तर म्हणाले.

"लोक काय खायला घालणारेत का तुम्हाला? तिथलं जेवण नाही उतरलं घशाखाली, तर याच बोंबलांची चटणी मागाल."

बोंबलांची पुडी माझ्या बाजूच्या खिशात गेली. नॉर्वेच्या विमानतळावर तिथल्या अधिकाऱ्याने तोच खिसा उघडला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्याने पुडी हुंगली, शेजारच्याला हुंगायला दिली आणि दोघांनी ओळखीचा माणूस भेटावा तशी मान डोलावली. त्यांचा देशही सुक्या मासळीवरच वाढलेला. लिडियाबाईंनी मास्तरांकडे नुसते पाहिले.

इंग्रिडबाई शेवटच्या लहान विमानतळावर न्यायला आल्या होत्या. "लिडियाबाय, लई वाळला तुमी," त्या म्हणाल्या. "आन मास्तर, तुमी कोन झाला ह्ये?"

मास्तरांनी भिंगारच्या जुन्या बाजारातून लष्करी ओव्हरकोट आणला होता. तो मूळचा कुणा धिप्पाड जवानाचा असावा. मास्तर वळले तरी कोट सावकाश वळायचा. डोक्याला माकडटोपी, वर मफलर. तशाही अवस्थेत त्यांनी दुरुस्ती केली, "बाई, लई नव्हे, फार म्हणावं." लिडियाबाईंनी साडीच्या आत मास्तरांची जुनी पँट चढवली होती आणि त्या मजेत होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. इंग्रिडबाईंचा भाऊ ओलाव गाडी हाकणार होता. इंग्रिडबाई बर्फावर चालणाऱ्या यंत्राच्या गाडीने पुढे जाऊन मुक्कामाच्या खोलीत चूल पेटवणार होत्या. परक्याच्या अंथरुणावर लिडियाबाईंचा विश्वास नव्हता, म्हणून मीही बरोबर. मी घसरू नये म्हणून ओलावने माझी मूठ दोराने गाडीला बांधली. लिडियाबाई मला टेकून बसल्या, त्यांच्या पुढ्यात मास्तर, मागे फळीवर ओलाव उभा. पुढे कुत्र्यांची जोडीजोडीने लांब रांग. ती कुत्री इतकी भुंकत होती, की मास्तरांचे टुंड्रावरचे व्याख्यान आम्हाला ऐकू आले नाही.

तिथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही; तो नुकताच कुठे परत येऊ लागला होता. दुपारी तो डोंगराआडून थोडा डोकावायचा आणि सगळा बर्फ गुलाबी व्हायचा. लिडियाबाईंनी हात बाहेर काढून मूठभर बर्फ उचलला आणि बराच वेळ धरून ठेवला. "भावाची विहीर कोरडी पडलीय," त्या हळूच म्हणाल्या. "आणि इथं पाणी नुसतं पडून आहे."

एका उतारावर मास्तरांनी गाडी थांबवायला लावली. त्यांना हाकणाऱ्याच्या जागी उभे राहून फोटो काढायचा होता. ओलावने बर्फात लोखंडी आकडा रोवला. हा आकडा म्हणजे त्या गाडीचा ब्रेक. मग कॅमेरा घेऊन तो मागे गेला. मास्तर फळीवर चढले, छाती काढली. पण हातात काहीच नाही, हे त्यांना शोभेना. त्यांनी वाकून तो आकडा उपटला आणि भाल्यासारखा वर धरला.

कुत्र्यांना एवढेच हवे होते. गाडी एका हिसक्यात निघाली आणि मास्तर कोटासकट बर्फात उताणे पडले.

गाडीत आता आम्ही दोघेच, लिडियाबाई आणि मी. मागून मास्तरांची हाक आली, "अगं, उतर." एवढ्या वेगात उतरायचे कसे, हे त्यांनी सांगितले नाही. लिडियाबाईंनी लहानपणी वडिलांची बैलगाडी हाकली होती. "हो रे, हो, हो राजा," त्या ओरडल्या. कुत्र्यांना ते प्रोत्साहन वाटले असावे. ती आणखी जोरात धावू लागली.

बाईंनी मागे पाहिले. मास्तर ठिपक्याएवढे झाले होते. त्यांनी पुढे पाहिले. खाली पांढरे सपाट तळे होते आणि त्याच्या एका कडेचा बर्फ काळपट दिसत होता. काळपट दिसेल तिथे बर्फ पातळ, असे इंग्रिडबाईंनी निघताना बजावले होते. "बापा, संभाळ," असे म्हणून त्यांनी माझ्या खिशातून बोंबलांची पुडी ओढून काढली, कुत्र्यांकडे पाठ केली आणि दोन्ही पायांनी मला गाडीबाहेर लोटले.

मित्रांनो, मला वाईट वाटले नाही असे मी म्हणणार नाही. पण विचार करायला वेळ कुठे होता? दोराला हिसका बसला आणि मी गाडीमागे फरफटत निघालो. एक पट्टा तुटला, माझे तोंड उघडले आणि पोटातले सामान वाटेवर पडू लागले. चादर गेली, उशी गेली, मास्तरांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या लांब लोकरी चड्ड्या एकामागून एक गेल्या. त्या जागी बर्फ भरत गेला आणि मी पोत्यासारखा जड झालो. कुत्री धापा टाकू लागली. गाडी मंदावली.

तेवढ्यात लिडियाबाईंनी पुडी फोडून बोंबील एका बाजूला भिरकावले. पहिल्या कुत्र्याने हवेत नाक वर केले आणि तो वळला. मागची सगळी त्याच्यावर जाऊन आदळली, दोऱ्यांचा गुंता झाला आणि गाडी थांबली. बाई खाली उतरल्या. आवाज दवाखान्यातला होता. "रांगेनं. सगळ्यांना मिळेल. तू घेतलंस ना? मग मागं हो."

आधी ओलाव धावत आला. वाटेत सापडलेल्या मास्तरांच्या चड्ड्या त्याने गळ्यात टाकल्या होत्या. तो थोडा पुढे चालत गेला, त्या काळपट बर्फाशी थांबला आणि टाच आपटली. खालून पाणी वर आले. तिथे नदी तळ्याला मिळत होती. परत येऊन त्याने टोपी काढली आणि लिडियाबाईंसमोर मान लववली.

मग मास्तर आले. उशी पोटाशी धरलेली, मिशीवर आसवे गोठलेली.  ते म्हणाले, "तुला काही झालं असतं, तर मी भिंगारला कोणत्या तोंडानं गेलो असतो?"

"तुमच्या तोंडाचं राहू द्या," लिडियाबाई म्हणाल्या. "माझं गोठलंय. मफलर द्या."

मास्तरांनी मफलर दिला. माकडटोपीही दिली. पुढच्या रस्त्यात त्यांनी बाईंना पुढ्यात बसवले आणि स्वतः मागे बसून दोन्ही हातांनी त्यांचा पदर घट्ट धरून ठेवला. संध्याकाळी खोलीत चुलीपाशी इंग्रिडबाईंनी विचारले, "मास्तर, आकडा का वं उपसला?"

"छायाचित्रासाठी," मास्तर म्हणाले.

"मंग आला का फोटू?"

फोटो आला तो पुढे रीळ धुतल्यावर. त्यात नुसता बर्फ होता आणि वर केलेले दोन बूट.

भिंगारला परतल्यावर चर्चच्या हॉलमध्ये मंडळी जमली. एकमेकांना सलाम झाले, चहा झाला. फाटलेला मीही पुरावा म्हणून टेबलावर होतो. मास्तर टुंड्रावर बोलू लागले. वनस्पती झाल्या, वारे झाले, खडक सुरू झाले. लोक जांभया देऊ लागले. केशरबाई म्हणून एक आजी होत्या, त्यांनी मध्येच विचारले, "मास्तर, त्ये ऱ्हाऊ द्या. कुत्र्याच्या गाडीचं काय झालं?"

हॉल एकदम सावध झाला. मास्तरांनी घसा साफ केला. आता ते काय सांगतात, याची मला धाकधूक होती, कारण लिडियाबाईंशिवाय खरे सांगणारे तिथे कुणी नव्हते. आणि त्या मागच्या रांगेत खाली बघत बसल्या होत्या.

मास्तर खुर्चीवरून उठले. खुर्ची उचलून त्यांनी पुढे मधोमध ठेवली आणि म्हणाले, "लिडिया, इथं ये. तू सांग. गाडीत मी नव्हतो."

"मला काय बोलता येतंय," बाई म्हणाल्या.

"तिथं बोललीस तसंच बोल. ही तर माणसं आहेत."

बाई आल्या आणि बोलल्या. चड्ड्यांपाशी आल्यावर केशरबाईंना हसून हसून ठसका लागला. त्या दिवसापासून ही गोष्ट कुणीही विचारली तरी मास्तर बाईंना हाक मारायचे आणि स्वतः ऐकणाऱ्यांत जाऊन बसायचे.

मच्छिंद्रने मला ठिगळ लावले. पुढे चाकांच्या बॅगा आल्या आणि मी माळ्यावर गेलो. एक कोपरा उंदरांनी खाल्ला आहे, बकले हिरवी पडली आहेत. मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझे कुणी भाऊबंद असतील. त्यांना वर्षातून एकदा खाली काढा, झटका, ऊन दाखवा. आणि ते घेऊन कोण कुठे गेले होते, हे घरात विचारा. जी सगळ्यांत मागे बसली असेल ती म्हणेल, "मला काय बोलता येतंय." तुम्ही खुर्ची तिच्याकडेच सरकवा.