अहवालातली खालची ओळ

पाण्याचा अहवाल वेल्डरच्या मोबाइलवर आला तेव्हा त्याची तान्ही लेक हॉस्पिटलात होती. ओठ आणि नखं निळी पडली म्हणून तिला धावतपळत नेलं होतं, आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते घरच्या पाण्याबद्दल. पाणी विहिरीचं, काचेसारखं नितळ. बायको तर बाटलीच्या दुधासाठी ते चांगलं उकळून घ्यायची. तरी तपासायला दिलं.

अहवालात एक आकडा ठळक होता. नायट्रेट, मर्यादेच्या दुपटीहून जास्त, तान्ह्या बाळांना घातक. पुढचं त्याने वाचलंच नाही. हा शब्द त्याने एकाच ठिकाणी पाहिला होता, धाकट्या भावाच्या खताच्या गोण्यांवर. भाऊ त्या गोण्या विहिरीलगतच्या शेडमध्ये रचायचा. विहीर दोघांची, आणि तिच्यावरून वर्षभर धुसफूस चाललेली. वेल्डरच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने कोपऱ्यातला लोखंडी पाइप उचलला.

भाऊ शेडमध्ये पाठमोरा उभा होता. पहिला फटका पाठीत बसला. तो वळला तेव्हा दुसरा मनगटावर आला आणि हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. भावाने धड हाताने फावडं उचलून फिरवलं. वेल्डरची भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं, आणि त्याचं उरलंसुरलं भान गेलं. त्याने भावाला गोण्यांवर आपटलं आणि लाथांनी तुडवायला सुरुवात केली. एक गोणी फुटून पांढरे दाणे सांडले, त्यावर रक्त पडत राहिलं. माझ्या पोरीच्या जिवावर उठलास, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"दादा," भाऊ तोंडातलं रक्त थुंकत म्हणाला, "माझी पोरंही तेच पाणी पितात."

पाइप तरीही वर गेला. तेवढ्यात त्याची बायको, त्याने घरातच टाकलेला मोबाइल घेऊन, धावत आली आणि मध्ये पडली. फटका तिच्या खांद्यावर बसला. ती गुडघ्यांवर कोसळली, पण हातातला फोन तिने सोडला नाही.

"अहो, खालची ओळ वाचा आधी."

त्याने डोळ्यातलं रक्त पुसून वाचली. पाण्यात मैल्याचे जंतू होते. लॅबमधल्या बाईंनी तिला फोनवर समजावलं होतं, की नुसतं खत उतरलं असतं तर हे जंतू आले नसते. दोन्ही एकदम सापडतात तेव्हा बहुधा जवळची संडासाची टाकी पाझरत असते. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं वाढतं. आणि लेकीच्या दुधासाठी ते रोज उकळणारी तीच होती.

टाकी त्यानेच बांधली होती, विहिरीच्या वरच्या अंगाला, तळाला कोबा न घालता. तेव्हा भाऊ नको नको म्हणत होता.

त्याने भावाला उठवायला हात पुढे केला. भावाने तो झटकला. दीर-भावजय एकमेकांच्या आधाराने उठली आणि त्याच्याकडे न बघता बाहेर पडली.

लेक बरी होऊन घरी आली. भावाने पोलिसांना सगळं जसंच्या तसं सांगितलं, आणि वेल्डरही नाही म्हणाला नाही. जामिनावर सुटून आला त्याच दिवशी त्याने टाकी उपसून घणाने फोडायला घेतली. प्लास्टरमधला हात छातीशी धरून भाऊ शेडच्या दारातून बघत होता. नवी कुठे बांधणार, असं त्याने खड्ड्याच्या काठावर उभ्या वहिनीला विचारलं.

"तू सांगशील तिथे," वेल्डर खड्ड्यातून म्हणाला.

भावाने शेडचं दार ओढून घेतलं.