कामाला ठेवलेला माणूस

बेकरीवाल्याने दादांची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली आणि गळ्यावरून वस्तरा अलगद फिरवला.

"गिळू नका हं, दादा."

"तू बोलू नकोस. मला हसू येतं," दादा ओठ न हलवता पुटपुटले.

खुबा मोडल्यापासून दादा पलंगाला खिळले होते. बायकोची कंबर आधीच धरलेली, धाकट्या भावाची नोकरी फिरतीची. मग धाकट्याचा जोडीदार, हा बेकरीवालाच, भट्टीवरचं काम उरकून रोज सकाळी परस्पर इकडे येऊ लागला. अंग पुसणं, कूस बदलणं, भांडं देणं, कशालाही त्याने नाक मुरडलं नाही. इतकी वर्षं ज्याला दादांनी घराची पायरी चढू दिली नव्हती, त्याच्याच पावलांकडे आता सकाळपासून त्यांचे कान लागलेले असत.

दादांच्या बायकोने तर त्याला एकदा सरळच विचारलं होतं, "खरं सांग, तुमच्या दोघांत बायको कोण? म्हणजे स्वयंपाकबियंपाक कोण बघतं?"

"ज्याला आधी भूक लागते तो, वहिनी. धुणं मात्र दोघंही एकमेकांच्या गळ्यात मारतो."

ती कंबर धरून हसली होती. दादांनी पेपर तोंडासमोर धरला होता, पण पेपरही हलत होता.

आज अर्धी दाढी झाली आणि दारात मिस्त्री उभा राहिला. कारखान्यात दादांच्या शेजारच्या लेथवर त्याचं सगळं आयुष्य गेलेलं. फळांची पिशवी या हातातून त्या हातात करत तो आत आला. खुर्ची ओढली, पण बसला नाही. बेकरीवाल्याकडे बघत राहिला.

"हा कोण रे?"

जेवणाच्या सुट्टीत असल्या माणसांवर होणारे विनोद दादांना आठवले. त्या विनोदांना ते स्वतःही मांडीवर थाप मारून हसले होते.

"हा होय? कामाला ठेवलाय. हात चांगला आहे त्याचा."

वस्तरा क्षणभर हवेतच थांबला. मग बेकरीवाला म्हणाला, "साहेब, मान जरा इकडे." उरलेला गालही त्याने तितक्याच हळुवार हाताने केला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज मात्र थांबला होता.

मिस्त्री लेथबद्दल दोन शब्द बोलला आणि चहा न घेताच उठला.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाला येणार नाही, असं दादा धरूनच चालले होते. तो आला. अंग पुसलं, चादर बदलली. थट्टा मात्र केली नाही.

"काल मी..." दादांनी सुरुवात केली.

"कूस बदला," तो म्हणाला आणि मळलेली चादर घेऊन न्हाणीघरात गेला.

आत नळ सुरू झाला. दादांनी उशाचा फोन उचलून मिस्त्रीला लावला.

"काल तुला खोटं सांगितलं मी. तो कामाला नाही. आमच्या धाकट्याचा जोडीदार आहे. आमच्या घरचाच."

"ठाऊक आहे मला. अख्ख्या कारखान्याला ठाऊक आहे."

"मग विचारलंस कशाला?"

पलीकडे मिस्त्रीने यंत्र बंद केलं.

"माझी पोरगी आली होती घरी. एका मुलीला घेऊन. म्हणाली, बाबा, आम्ही एकत्र राहणार." मिस्त्री खाकरला. "मला काही सुचेना. म्हटलं, तुला हे सगळं माहितीचं. तू मोकळेपणाने सांगितलंस, तर मीही बोलेन."

"मग?"

"मग काय. तुलाच इतकी लाज वाटते म्हटल्यावर... घरी गेलो आणि तिला सांगितलं, पुन्हा या घरात येऊ नकोस."

दादा कोपरावर उठायला गेले. खुब्यातून कळ गेली, तरी त्यांनी फोन सोडला नाही.

"अरे, फोन कर तिला. ऐकतोयस ना? आत्ता कर. माझं काही खरं धरू नकोस..."

न्हाणीघराच्या दारात बेकरीवाला उभा होता, कोपरापर्यंत साबणाचे हात तसेच धरून. दादा अजून बोलत होते. मिस्त्रीने फोन केव्हाच ठेवून दिला होता.