खिंडीत राजा होता का?

घरातलं शेवटचं माणूस जेवल्याशिवाय मी घास घेत नाही. हा माझा रोजचा नेम. लग्नापासून तो बिनबोभाट चालला होता. मग आमच्या सासऱ्यांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं बिनसलं.

कशावरून, तर शेकडो वर्षांपूर्वीच्या एका मोहिमेवरून. एक राजा ऐन हिवाळ्यात सैन्य घेऊन खिंडीत शिरला आणि हरला. सासरे म्हणत, तो वाघासारखा लढला. धाकटे म्हणत, सेनापतीने दगा दिला. दोघांकडे आपापलं पुस्तक. "दादा कबूल होईपर्यंत मी जेवायला बाहेर येणार नाही," म्हणत धाकट्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. दुपार कलली तरी दोघांचीही ताटं झाकलेलीच. इकडे माझ्या पोटात कावळे.

शेवटी दोन्ही पुस्तकं पिशवीत घालून मी वाचनालय गाठलं. ग्रंथपालबाईंना म्हटलं, "या मोहिमेवरचं एखादं चांगलं पुस्तक द्या ना. दोघांनाही पटेल असं."

"पटेल असं हवं, की चांगलं हवं?"

मी पिशवीतली दोन्ही पुस्तकं त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी सासऱ्यांचं पुस्तक उघडलं. भर हिमवादळात राजाचं दोन पानी भाषण! "तेव्हा हे लिहून कोण घेत होतं हो?" बाईंनी विचारलं आणि मला हसू आवरेना. धाकट्यांच्या पुस्तकात पानोपानी फितुरी, पण कुठल्या कागदावरून म्हणता, त्याचा पत्ता नाही.

मग बाईंनी एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात दोन्ही बाजूंची पत्रं, नकाशे, घोड्यांचा चारा कुठून आला तेसुद्धा. खिंडीच्या प्रकरणात लिहिलं होतं, 'राजा त्या दिवशी पोट बिघडून मागच्या तळावर पडून असावा. नक्की सांगता येत नाही.'

"हे घ्या. कळत नाही तिथे कळत नाही म्हणतोय बिचारा."

"पण हे तर दोघांनाही पटणार नाही!"

"ते तुमचं तुम्ही बघा. प्रत एकच आहे, जपून वापरा."

देवाचं नाव घेतलं आणि ते पुस्तक सासऱ्यांपुढे ठेवलं. थोड्याच वेळात ते गरजले, "पोट बिघडून? राजाचं?"

खोलीचं दार किलकिलं झालं. "कोण शहाणा म्हणतोय असं?"

"ये, तूच वाच!"

धाकट्यांनी खुर्ची ओढली. "राजाच नव्हता तर सेनापतीने दगा दिला कुणाला?"

"आणि वाघासारखं लढलं कोण?"

"दादा, हा लेखक घरं फोडणारा आहे."

"अगदी! सूनबाई, वाढ गं. याचा समाचार जेवता जेवता घेऊ."

एका पुस्तकावर दोन पांढरी डोकी वाकली. पानाला आमटीचे डाग पडू नयेत म्हणून मी ते वाटीपासून लांब सरकवत राहिले. दोघांनी हात धुतले तेव्हा कुठे मी माझं ताट घेतलं.

"सूनबाई, तूच सांग," धाकटे म्हणाले, "खिंडीत राजा होता की नव्हता?"

माझ्या तोंडात घास होता. देवाचीच कृपा.